साठ संगणक आणि मामांचा गोठा

ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक महाविद्यालय होते. २०१६ साली मोठे अनुदान मिळाले आणि एकाच दिवशी साठ संगणकांची लॅब उभी राहिली. नारळ फुटला, पेढे वाटले, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये एकाखाली एक साठ नोंदी चढल्या. पुढे त्या रजिस्टरला हात लागायचा तो मार्चअखेरच्या साठा-तपासणीपुरता. संगणक साठ आहेत ना? आहेत. झाले काम.

लॅब सांभाळणाऱ्या सहायक ताईंकडे मात्र आणखी एक वही होती. साधी, दोनशेपानी. कोणत्या नंबरचा संगणक कधी बिघडला, काय केले, हे त्या रोज लिहीत. ‘१७ – सुरू होत नाही, बीप वाजतो. रॅम काढून खोडरबरने घासली. चालू.’ ‘४१ – तारीख मागे जाते. सेल बदलला.’ ‘२३ – फार हळू. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला.’

मग आला १४ ऑक्टोबर २०२५. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट त्या दिवशी थांबली. एकही संगणक बंद पडला नाही, पण साठच्या साठ एकाच दिवशी उघड्यावर पडले. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. इथे सगळे सहाव्या पिढीचे.

प्राचार्य मॅडमनी बैठक बोलावली. “साठही नवे घ्यावे लागतील,” विभागप्रमुख म्हणाले. “यंदा बाराचेच पैसे आहेत,” लेखापालांनी सांगितले. “मग पुढचं अनुदान येईपर्यंत थांबू. घ्यायचे तर सगळे एकदम,” कुणीतरी सुचवले.

शिपाई मामा चहाचे कप ठेवत होते. मॅडमनी सहज विचारले, “मामा, तुम्ही काय केलं असतं?”

मामा संकोचले. मग म्हणाले, “मला यातलं काय कळतंय मॅडम? पण माझ्या गोठ्यात चार जनावरं हाईत. एक दुभती, एक गाभण, एक कालवड, आन् एक आटायला लागलेली. म्हणून डेअरीला बारा महिने दूध जातंय. चारी एकदम आणली असती, तर चारी एकदमच आटली असती.”

बैठकीत क्षणभर कुणीच बोलले नाही.

“पण कुठली आटली, कुठली दूध देईल, हे कसं ओळखता?” मॅडमनी विचारले.

“रोज धार काढतो की. हाताला कळतंय.”

तेव्हा ताईंनी आपली वही पुढे केली. मॅडम पाने उलटत गेल्या आणि २३ नंबरच्या ओळीवर थांबल्या. ताईंनी सांगितले, ती मुलगी वाडीवरून एसटीने येते, घरी संगणक नाही. अर्जाचा शेवटचा दिवस होता. दोन तास ती त्या पडद्यासमोर बसून राहिली. शेवटची गाडी सुटायची वेळ झाली, तशी उठून गेली.

“हे मला कुणी सांगितलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, रजिस्टरमध्ये किमतीचा रकाना आहे. याचा नाही.”

दोन दिवस बसून त्यांनी वही चाळली. बारा संगणकांचे मदरबोर्ड वारंवार दुरुस्त होऊनही दगा देत होते. उरलेल्या अठ्ठेचाळीसांची तक्रार बहुतेक एकच होती: हळू चालतो. दोष फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्डडिस्कचा होता. नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा हिश्शात एसएसडी बसत होती.

मग कामाला लागले सगळे. बारा नवे संगणक आले, ज्या कामांना विंडोजशिवाय गत्यंतर नव्हते तिथे बसले. अठ्ठेचाळीसांना दुरुस्तीच्या तरतुदीतून एसएसडी मिळाली, आतली धूळ निघाली, लिनक्स चढले. पायथन, सी आणि ब्राउझर त्यावर उत्तम चालतात. बारा भाकड संगणकांमधली चालणारी रॅम काढून ठेवली. मुलांची माहिती असलेल्या हार्डडिस्क नीट पुसल्या, रीतसर निर्लेखन केले आणि तो ई-कचरा भंगारवाल्याकडे न जाता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेला. ठराव झाला: यापुढे दरवर्षी बाराच बदलायचे. कोणते बारा, ते ताईंची वही ठरवेल. पाच वर्षांत फेरा पूर्ण होईल, आणि लॅब एका दिवसात कधीच म्हातारी होणार नाही.

पुढच्या वेळी अर्ज निघाले, तेव्हा तीच मुलगी पुन्हा २३ नंबरवर बसली. अर्ज भरून, पावती छापून ती दुपारच्या एसटीने घरी गेली.

त्या तारखेला ताईंच्या वहीत २३ नंबरपुढे काहीच लिहिलेले नाही.

तात्पर्य : वस्तू एकदम विकत घेता येते, पण तिची काळजी रोजच घ्यावी लागते. हिशेब वस्तूचा ठेवावाच. पण तिच्यासमोर बसणाऱ्या माणसाची अडचण जो लिहून ठेवतो, त्यालाच काय बदलायचे आणि काय राखायचे हे कळते.