न जाणवलेली वेदना

एप्रिल १८४५ मध्ये हुगळीला जेम्स एसडेल या स्कॉटिश सर्जनने अंडवृद्धीवरच्या उपचाराने कळवळणाऱ्या एका कैद्यावर मेस्मेरिझमचा, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाचा, प्रयोग केला. कैदी शांत झाला. एसडेल मग थांबलाच नाही. हत्तीरोगाने आलेल्या प्रचंड गाठी तो रुग्णांना मोहनिद्रेत घालून कापू लागला. इथरच्या भुलीचे बोस्टनमधले गाजलेले प्रात्यक्षिक व्हायला तेव्हा दीड वर्ष अवकाश होता.

१८४६ मध्ये त्याच्या दाव्यांवर कलकत्त्याला सरकारी चौकशी समिती बसली. तिच्यासमोर काही रुग्ण शस्त्रक्रियेत अंग पिळत होते, चेहरे वेडेवाकडे करत होते आणि जागे झाल्यावर म्हणत होते, काहीच दुखले नाही.

मग खरे काय मानायचे, शरीर की जबानी?

गरीब रुग्ण गोऱ्या डॉक्टरला रुचेल तेच बोलले असतील, ही शंका रास्त आहे. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायदर्शनावरच्या ग्रंथात दुःखाची व्याख्याच प्रतिकूल म्हणून जाणवण्यावर उभी आहे. त्या हिशेबाने न जाणवलेले दुःख हे दुःखच नव्हे. मात्र कोणताही चोख नैयायिक इथे अडवील: जाणवलेच नाही, की जाणवून विसरले? आठवण नाही म्हणजे अनुभव नव्हता, असे थोडेच आहे!

या पेचाला १९९७ मध्ये प्रयोगशाळेतून धागा मिळाला. मॉन्ट्रियलच्या पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहित माणसांचे हात पोळेल इतक्या गरम पाण्यात ठेवले, त्रास कमी किंवा जास्त वाटेल अशा सूचना दिल्या आणि त्याच वेळी मेंदूचे पेट स्कॅन घेतले. वाटणाऱ्या त्रासाबरोबर मेंदूच्या अँटिरिअर सिंग्युलेट भागातली हालचाल बदलत गेली. स्पर्शाची नोंद घेणाऱ्या भागात तसा फरक दिसला नाही. चटका तोच, प्रतिकूलता वेगळी. अन्नंभट्टाला यात नवल वाटले नसते.

याचा अर्थ संमोहन कशावरही चालते असा नाही. आतड्याच्या आयबीएस या विकारात वर्षभर औषधांनी गुण आला नाही, तर ब्रिटनची ‘नाइस’ संस्था संमोहनाचा विचार करायला सांगते. धूम्रपान सोडवण्यात ते इतर उपायांहून सरस असल्याचा भक्कम पुरावा नाही. आणि दडलेल्या आठवणी उकरण्यासाठी ते वापरणे तर घातकच. घडलेच नाही ते घडल्याची खात्री माणसाला होऊ शकते.

शस्त्रक्रियेत मात्र ते आजही वापरले जाते. बेल्जियममधल्या लिएज इथे १९९२ पासून स्थानिक भूल, थोडे शामक औषध आणि संमोहन यांच्या जोडीने शस्त्रक्रिया होतात, त्यात थायरॉइडच्याही. रुग्ण शुद्धीवर असतो. दुखते का, हे त्याला सुरी चालू असतानाच विचारता येते.