चुकीचं खरं आणि अचूक खोटं

फेब्रुवारी उजाडला की दहावीतल्या मुलांच्या आया मला भाजीबाजारात गाठतात. "सर, बाकीचं बघेल तो. इंग्रजी तेवढं निघालं पाहिजे!" इंग्रजी 'येणं' आणि इंग्रजी 'निघणं' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आलेलं इंग्रजी जन्मभर पुरतं. निघालेलं इंग्रजी पायातला काटा निघावा तसं निघतं. शंभरात ३५ पडले की सगळं घर सुटकेचा निःश्वास टाकतं आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

हे इंग्रजी काढण्याचं एक शास्त्र आहे. तीन पत्रं पाठ करायची : एक तक्रारीचं, एक विनंतीचं आणि एक मित्राचं अभिनंदन करणारं. एक भाषण, एक बातमी. बातमीचा मथळा पेपरात देतात, बातमी मुलांनी घडवायची. आता प्रश्नपत्रिकेला 'कृतिपत्रिका' म्हणतात, पण कृती तीच. मथळा वृक्षारोपणाचा आला, तर राज्यातली पंधरा-सोळा लाख मुलं एकाच सकाळी आपापल्या शाळेत पाहुण्यांच्या हस्ते झाडं लावून मोकळी होतात. ही सगळी झाडं जगली असती, तर महाराष्ट्रात ऊन पडायला जागा उरली नसती.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने यंदा लाउडस्पीकरच्या त्रासाबद्दल संपादकांना असं जळजळीत पत्र लिहिलं, की वाचताना माझेच कान बधिर झाले. या मुलाच्या वडिलांचा धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा. मी विचारलं, "अरे, हे बाबांना दाखवलंस का?"

तो शांतपणे म्हणाला, "सर, ते इंग्रजीत आहे ना!"

म्हणजे इंग्रजीत लिहिलेलं ते आपण बोललेलं नव्हेच. अंगावरचा सदरा वेगळा आणि गॅदरिंगमधल्या शिवाजीचा अंगरखा वेगळा.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे. मुलांना न झालेल्या सहली, नसलेले मित्र आणि न लावलेली झाडं पाठ करायला लावणं, हे खोटं बोलायला शिकवणं आहे की नाही? कांट नावाचे एक जर्मन तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांनी १७९७ साली एक निबंधच लिहिला, की मारेकरी दारात येऊन 'तुझा मित्र घरात आहे का' असं विचारू लागला, तरी खोटं बोलू नये. कांटसाहेबांच्या दारात मारेकरी आला असता तर काय झालं असतं ते असो, पण कुणाची आई नक्कीच आली नव्हती.

आपल्याकडे धर्मराजाचा दाखला आहे. एका 'नरो वा कुंजरो वा'पायी त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला. आमच्या मुलांचे रथ मुळातच जमिनीवर, काहींची तर चाकं चिखलात. आम्ही त्यांना खोटं शिकवतो ते रथ चार बोटं वर यावा म्हणून. शिवाय इथे फसतं कोण? लिहिणाऱ्याला ठाऊक, तपासणाऱ्याला ठाऊक. नाटकातला राजा 'मी राजा आहे' म्हणाला, तर त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. आणि 'दहावी पास' हे दोन शब्द किती अर्जांवर मागतात, ते अर्ज भरणाऱ्यालाच विचारा. मुलाखतीला भावाचा शर्ट घालून गेलं तर ती चोरी होत नाही.

इथवर माझं मन मला पटवत आलं होतं. मग एका मुलीची वही हाती आली.

मैत्रिणीला सुट्टीचं वर्णन करायचं होतं. गाइडातून उतरवलेलं महाबळेश्वर होतं. सूर्यास्त, थंड हवा, सगळं जागच्या जागी, एकही चूक नाही. पण त्याच्यावर, पेन्सिलीने खोडलेल्या तीन ओळी होत्या. सुट्टीत ती आजीबरोबर कैऱ्या विकत होती. गिऱ्हाइकं भाव पाडून मागत, आजी देत नसे. इंग्रजी असं, की 'सेल'चा भूतकाळ तिने 'सेल्ड' केला होता आणि 'ग्रँडमदर नॉट गिव्ह' असं ठोकून दिलं होतं. तीन वाक्यांत चार चुका. पण ती आजी मला दिसली. टोपलीवर हात ठेवून बसलेली, पै न सोडणारी. महाबळेश्वरात मला कुणीच दिसलं नव्हतं.

"हे का खोडलंस?" मी विचारलं.

"सर, हे खरंय. पण असलं लिहायचं नसतं ना?"

त्या 'नसतं ना'ने मला कांटपेक्षा जास्त शिकवलं. महाबळेश्वराने तपासनीस फसत नाही, हे खरं. पण आपलं खरं कागदावर आणण्याच्या लायकीचं नाही, असं त्या पोरीला वाटून गेलं होतं, आणि ते तिला आम्हीच शिकवलं होतं. फसली होती ती.

तरीही मी तिला महाबळेश्वर विसरायला सांगितलं नाही. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते आणि पेपर तपासणाऱ्याला आजी दिसेल याची हमी मी कोण देणार? पण त्या तीन ओळींवर आम्ही अर्धा तास घालवला. 'सेल्ड'चं 'सोल्ड' झालं, 'नॉट गिव्ह'च्या आधी 'डिड' आलं. हे 'डिड नॉट' शिकवून माझा घसा बसला होता. आजीने ते अर्ध्या तासात शिकवलं. चुकीचं खरं दुरुस्त करता येतं, कारण त्याच्या पाठीमागे काहीतरी सांगायचं असतं. अचूक खोट्यात दुरुस्त करायला जागाच नसते. तिथे शिकवणार काय?

आता माझा एक नियम आहे. पाठ करायचं ते खुशाल करा, लाजू नका. पण आठवड्याला एक ओळ स्वतःची, खरी आणि हवी तितकी चुकीची आणा.

लाउडस्पीकरवाल्या मुलाला मी संपादकांना उलट पत्र लिहायला सांगितलं आहे, वडिलांच्या बाजूने. हे पत्र गाइडात नाही. तीन दिवस झाले, स्वारी पहिल्याच वाक्यावर अडली आहे. काल शिकवणी सुटल्यावर मागे थांबला आणि म्हणाला, "सर, 'आमचं पोट त्याच्यावर आहे' याला इंग्रजीत काय म्हणतात?"

चार महिन्यांत त्याने मला विचारलेला हा पहिला शब्दार्थ.