पातळी हाताला कळते

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. घरोघरी ड्रम भरलेले असतात आणि त्यातून नळीनं पाणी काढताना मुलं मोठ्यांना कायम बघतात. विज्ञानाचा पहिला धडा इथेच द्यावा, असा माझा आग्रह आहे. वाहत्या नळीचं टोक मुलाच्या हाती द्या. टोक खाली धरलं की धार जोरात येते, वर नेलं की बारीक होते, आणि ड्रममधल्या पाण्याच्या पातळीला आलं की थांबते. मूल हे पुन्हा पुन्हा करेल. करू द्या. पाणी सांडेल, आणि टंचाईत सांडलेलं पाणी जिवाला लागतं, हे खरं. खाली परात ठेवा, साचलेलं तुळशीला घाला. पण नळी काढून घेऊ नका.

मग गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा. तिच्यात शाईचं पाणी भरून झोळीसारखी धरली की दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येतं. एक टोक जरा उचललं तरी पाणी रेष सोडत नाही.

इतकं हाताखालून गेलं की मुलाला घेऊन शहरातल्या जुन्या पाणचक्कीला जा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर येतं, उंच भिंतीत चढतं आणि हौदात कोसळतं. झरा त्याहून उंचावर आहे, म्हणून पंपाविना हे घडतं. याच पाण्यावर अठराव्या शतकात जातं फिरत होतं. त्याच्याही आधी, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरनं नहरींनी शहराला पाणी पुरवलं, तेही उताराच्याच भरवशावर.

पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत खेळणीकार अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून अशीच हाताला शिकवणारी खेळणी घडवली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या जोडल्या की त्रिकोण घट्ट राहतो, चौकोन मात्र लगेच कलतो. ज्यानं तो कलताना पाहिला, त्याला कारखान्याच्या छपरात त्रिकोण का असतात हे वेगळं सांगावं लागत नाही. खर्च जवळजवळ नाहीच. कमी पडतो तो आपला धीर: मूल विचारात पडलं की आपण घाईनं उत्तर सांगून मोकळे होतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे. सहलीच्या सामानात दोन-चार मीटर नळी आणि एक बादली ठेवा. माहितीची पाटी वाचण्याआधी मुलांना पाव तास पाण्यात हात घालू द्या, आणि तेवढा वेळ काहीही समजावून सांगू नका.