‘येवो’ म्हणणाऱ्याची जबाबदारी



आपल्या धर्मग्रामात काही घरांत प्रभूची प्रार्थना मराठीतून होते, तर काही घरांत इंग्रजीतून. इंग्रजी शाळेत जाणारी मुले आम्हांला विचारतात, “फादर, शाळेत ‘यू आर’ शिकवतात, मग प्रार्थनेत ‘आर्ट’ का?”

‘आर्ट’ हे ‘दाउ’, म्हणजे ‘तू’, याच्याबरोबरचे जुने क्रियापद. १६१६ साली प्रसिद्ध झालेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा त्यांच्या मायदेशात हेच रूप बोलण्यात होते. आज इंग्रजांना तो शब्द भारदस्त वाटतो; मुळात तो जवळिकीचाही होता. आपण आईला ‘अगं तू’ म्हणतो आणि देवालाही ‘तू’च म्हणतो, तसा.

मग न समजणारी जुनी रूपे ठेवावीत का? समजून प्रार्थना करावी, असे संत पौल करिंथकरांना सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाव दिला, तोही लोकांना समजावे म्हणूनच. पण काही जुनी रूपे टाकली तर अर्थही जातो. ‘दाय किंगडम कम’ यात ‘कम्स’ म्हटले, तर ‘राज्य येते’ अशी नुसती माहिती होईल. ‘कम’ म्हणजे ‘येवो’. मराठीतही हे रूप रोजच्या बोलण्यात क्वचितच येते. ‘सुखी राहो’, ‘भले होवो’ असे आशीर्वाद देताना, नाहीतर कुणाला शाप देताना.

इथेच खरा प्रश्न आहे. ‘होवो’ म्हणून हात जोडून बसणे प्रामाणिक आहे का? ॲरिस्टॉटल इच्छा आणि निवड यांत भेद करतो. आपल्या हाती नसलेल्या गोष्टीचीही इच्छा धरता येते. निवड मात्र हाती असलेल्या गोष्टीचीच होते. देवाचे राज्य आणणे आपल्या हाती नाही. पण भावाशी बंद पडलेले बोलणे सुरू करणे, मोलकरणीचा पगार वेळेवर देणे, चाळीतल्या एकट्या आजींची विचारपूस करणे आपल्या हाती आहे. हाती असलेले टाळून ‘येवो’ म्हणणे म्हणजे आपले काम देवावर ढकलणे.

गेथशेमानी बागेत प्रभू येशूने पित्याच्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हटले आणि तो तिथे बसून राहिला नाही. तो उठला आणि धरायला आलेल्यांना सामोरा गेला.

या आठवड्यात घरी मुलांना प्रार्थनेतील एक तरी जुना शब्द समजावून सांगा, आणि ‘होवो’ म्हणताना आपल्या हाती असलेले एक काम मनाशी ठरवा. ते करण्याचे बळ प्रभू आपणां सर्वांना देवो.