बालकाचा जबाब

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरचे लेकरू आपल्यावर गुदरलेला प्रसंग सांगू लागते, तेव्हा त्याच्या तोंडी तारीख नसते. बोहाड्याच्या उत्सवाआधी की भातलावणीनंतर, एवढीच त्याची कालगणना, आणि बोली वारली किंवा कातकरी. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमागील चाळीत तेच दुःख भोजपुरीतून बोलते. ऐकणाऱ्या अंमलदाराने त्याचा दफ्तरी तर्जुमा करून ‘मजकूर इसमाने इजा पोहोचविली’ असे लिहिले, तर पुढे इजलासात बचावाचे वकील त्याच शब्दांचा अर्थ बालकास विचारतात, ते गांगरून गप्प होते, आणि त्या मौनास विसंगती असे नाव मिळते.

बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने हा धोका ओळखला आहे. जबाब बालकाने सांगितला तसाच नोंदवावा, पोलिसांनी गणवेश न घालता त्याच्या घरी वा त्यास रुचेल त्या स्थळी घ्यावा, आणि खटल्यात वकिलांचे प्रश्न न्यायालयानेच त्यास विचारावेत, असा त्याचा दंडक आहे. संबंधितांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही कलम ४३ सरकारवर टाकते. एका मूकबधिर मुलीची साक्षच नोंदली न गेलेल्या खटल्यात, महाराष्ट्र सरकारच्या अपिलावर, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र केंद्रांचा आदेश दिला, व २०२२ साली त्या केंद्रांसाठीच्या प्रशिक्षणाचे काम न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या समितीकडे सोपविले.

परंतु या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा कलमांचा नाही, तो करुणेला आवर घालण्याचा आहे. कळवळून ‘त्यानेच ना ग तुला मारले?’ असे विचारणारी सहृदय व्यक्ती बालकाच्या मुखात उत्तर घालते, आणि तेच पढविलेले उत्तर पुढे खरा गुन्हेगार सुटण्यास निमित्त होते. ‘मग काय झाले?’ एवढेच विचारावे, आणि नंतरचा विलंब, तो कितीही असह्य वाटला तरी, मुकाट्याने सोसावा, हे अंगी बाणण्यास एका दिवसाचे शिबिर पुरणार नाही.

याच मुलखात १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस, व पुढे कोसबाडास, आदिवासी बालकांजवळ जाऊन त्यांच्या कलाने शिकविणारी माणसे घडविली. मुलांची बोली जाणणाऱ्या स्त्रिया येथील अंगणवाड्यांत व आश्रमशाळांत आजही आहेत; बालकल्याण समितीने जबाबात व खटल्यात बालकास साथ देणाऱ्या साहाय्यक व्यक्ती म्हणून त्यांतील योग्य स्त्रियांस तयार करावे, आणि मानधन व प्रवासखर्च वेळेवर द्यावा, कारण मोखाड्याहून घाट उतरून तारखेस हजर राहण्यात बुडणारी मजुरी केवळ त्या बालकाच्या आईचीच नसते.