जुन्या जीपची दुरुस्ती : एक नीतिविचार

'गरज' हा शब्द आपण दिवसांतून अनेक वेळां उच्चारतों. परंतु गरज म्हणजे काय, ती कोणाची, आणि ती ठरविण्याचा अधिकार कोणास, ह्या प्रश्नांचा विचार क्वचितच होतो. नीतिविषयक ग्रंथांत इष्ट आणि आवश्यक ह्यांमधील भेद पुष्कळ ठिकाणीं विवेचिलेला असतो. पण तेथील उदाहरणें बहुधा राजांचीं, संन्याशांचीं व रणांगणांचीं असतात, आणि मध्यम स्थितींतील गृहस्थास तीं आपल्या हिशेबाच्या वहीशीं जोडतां येत नाहींत. म्हणून आज आम्हीं एक अगदीं लौकिक, किंबहुना कांहींसें तेलकट, उदाहरण घेण्याचें योजिलें आहे. इंजिनाचें बळ चारही चाकांस पोंचविणारी एखादी जुनी गाडी विकत घेतली, तर तिच्या कोणत्या दुरुस्त्या खरोखर आवश्यक मानाव्या, हा तो प्रश्न होय.

अशा गाड्यांचा आमच्या देशाशीं संबंध जुना आहे. १९४१ पासून अमेरिकेच्या सैन्यासाठीं मोठ्या संख्येनें तयार झालेली जीप दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्तानें इकडे आली; १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें विलीज जीपची जुळणी येथेंच आरंभिली; आणि १९८५ सालीं मारुति जिप्सी निघाली. ही जिप्सी बाजारांत नवी मिळणें आतां बंद झालें आहे. तेव्हां ज्यास ती हवी त्यानें जुनीच शोधली पाहिजे. साध्या मोटारीपेक्षां ह्या जातीच्या गाडीचे अवयव अधिक. पुढची धुरीही चाकें फिरविणारी, म्हणून तिला स्वतंत्र दांडा. दोन्ही धुऱ्यांस बळ वांटून देणारी दुसरी पेटी, जिला ट्रान्स्फर केस म्हणतात. आणि पुढच्या चाकांचा ह्या यंत्रणेशीं सांधा जोडणारे व सोडणारे हब. अवयव अधिक तितकीं दुखणीं अधिक. शिवाय हिचें पूर्वायुष्य बहुधा चिखलांत, ओढ्यांत व दगडधोंड्यांत गेलेलें असतें.

ही गाडी मिस्त्रीपुढें उभी केली म्हणजे वीस-पंचवीस कलमांची यादी हातीं येते. ब्रेक, टायर, पाटे, क्लच, ऑइल सील, रंग, गाद्या, कांचेची रबरी पट्टी : सर्व एका रांगेंत आणि प्रत्येकापुढें रक्कम. प्राण वांचविणारें कलम व शोभा वाढविणारें कलम ह्यांची शाई एकच असते. निवड करण्याचें काम मालकावर येतें, आणि येथूनच नीतिप्रश्नास आरंभ होतो.

मालकास त्या वेळीं तीन सल्लागार भेटतात. पहिलें भय. तें म्हणतें, 'सर्वच बदलून टाका, म्हणजे चिंता नको.' दुसरें कार्पण्य. त्याचें म्हणणें, 'इतकीं वर्षें चालली ती आणखी दोन वर्षें चालेल.' तिसरी हौस. तिला उंच टायर, जादा दिवे व झळझळीत रंग हवा असतो. गंमत अशी कीं, तिघांच्याही तोंडीं शब्द एकच : गरज. भयाचें ऐकिलें तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते. कार्पण्याचें ऐकिलें तर तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रसंग भर घाटांत येतो. हौसेची गोष्ट जरा सूक्ष्म आहे. ती गरजा दाखवीत नाहीं, तर नव्या निर्माण करते. मूळच्यापेक्षां मोठे टायर बसविले कीं वेगाचा कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो, इंजिनास चाकें फिरविणें जड जातें, ब्रेकांवर व स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण वाढतो. काल जी चैन होती तिच्या पोटीं आज चार दुरुस्त्या जन्मास येतात.

तर मग कसोटी कोणती ? 'जें मोडलें तें दुरुस्त करावें' हें उत्तर पुरेसें नाहीं. जुन्या गाडींत कांहीं ना कांहीं सदैव मोडलेलेंच असतें, आणि कित्येक मोडलेल्या वस्तूंवांचून काम बिनघोर चालतें. उलट जें अद्याप मोडलेलें नाहीं तेंच कधीं कधीं सर्वांत आधीं बदलावें लागतें. आमच्या मतें प्रत्येक कलमापुढें एकच प्रश्न लिहावा : हा भाग ज्या घटकेस दगा देईल, त्या घटकेस त्याची किंमत कोण भरील ? ह्या प्रश्नानें यादीचे आपोआप वर्ग पडतात.

पहिला वर्ग, ज्याची किंमत परके लोक भरतात त्या भागांचा. ब्रेकचें द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि तें वर्षानुवर्षें बदललें नाहीं तर त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. सपाट रस्त्यावर हें कळतही नाहीं. पण आंबेनळीच्या किंवा वरंध्याच्या घाटांत लांब उतारावर ब्रेक तापले म्हणजे त्या द्रवांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचें पेडल एकाएकीं पोकळ होऊन तळास जातें. टायरचेंही तसेंच. नक्षी शिल्लक दिसली तरी टायरच्या बाजूवरील चार आंकडे वाचावे. पहिले दोन आंकडे वर्षांतील आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. कमी फिरलेल्या गाडीचे टायर झिजण्यापूर्वींच म्हातारे होऊन तडकतात. स्टिअरिंगच्या सांध्यांतील खेळ आणि पुढच्या चाकांचीं किंगपिन-बेअरिंगें हीं ह्याच वर्गांतलीं. चासीही ह्यांतलीच. कोंकणच्या खाऱ्या हवेंत राहिलेल्या गाडीच्या चासीवर नुकताच काळा रंग फांसलेला दिसला, तर तेवढ्यावर संतोष न मानतां हातोडीनें हलकेच ठोकून पाहावें. निकोप लोखंड खणखणतें. गंजानें खाल्लेलें बद्द वाजतें.

ह्या भागांनीं दगा दिला तर त्याची किंमत रस्त्याच्या कडेनें शाळेस निघालेली मुलगी भरते. समोरून येणाऱ्या एस्. टी.तील उतारू भरतात. मागच्या बांकावर विश्वासानें बसलेली आपलीच मंडळी भरतात. त्यांपैकीं कोणासही आपण विचारलेलें नसतें. स्वतःचा जीव धोक्यांत घालण्याचा हक्क मनुष्यास कितपत आहे ह्याविषयीं वाद होऊं शकेल. परंतु दुसऱ्याच्या वतीनें, त्याच्या नकळत, धोका पत्करण्याचा हक्क आपणांस नाहीं ह्याविषयीं वादास जागा नाहीं. म्हणून ह्या वर्गांत काटकसर हा सद्गुण राहत नाहीं. ती दुसऱ्याच्या खिशांतून केलेली बचत होय.

ही कसोटी दोषाच्या रूपाकडे पाहत नाहीं, परिणामाकडे पाहते. आणि त्यामुळें तिचे निकाल कधीं कधीं डोळ्यांस दिसतें त्याच्या उलट येतात. तेलाची गळतीच घ्या. इंजिनाच्या बुडाशीं तेलाचा घाम सुटलेला दिसतो, जमिनीवर डाग पडतात, शेजारी हंसतात, आणि मालक अस्वस्थ होतो. तेलाची पातळी नियमानें पाहून भर घालीत गेल्यास असा घाम पुष्कळ दिवस सोसतां येतो. परंतु मागच्या धुरीच्या टोकाचें सील फाटलें, तर तेंच थोडेसें तेल ड्रमच्या आंत ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरतें, आणि बाहेर डागही न दिसतां त्या चाकाचा ब्रेक निकामी होतो. तेलाचीच गळती दोन्ही ठिकाणीं; पण पहिली केवळ लाज आणणारी व दुसरी जीव घेणारी. मनुष्याचा स्वभाव असा कीं तो लाजेवर आधीं खर्च करतो.

दुसऱ्या वर्गांत ज्यांची किंमत मालकासच, पण व्याजासह, भरावी लागते ते भाग येतात. ओढ्यांतून गेलेल्या गाडीच्या धुरींतील तेल दुधाळ दिसलें, तर आंत पाणी शिरलें असें समजावें. तें तेल आज बदलणें स्वस्त, आणि बेअरिंगें व दांतेरी चाकें गंजल्यावर तीं बदलणें महाग. इंजिनांतील टायमिंग बेल्ट तर बहुधा पूर्वसूचना न देतां तुटतो, आणि कित्येक इंजिनांत तो तुटतांच व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात. जुन्या गाडीचा बेल्ट केव्हां बदलला ह्याचा लेखी पुरावा नसेल, तर तो बदललेला नाहीं असेंच धरणें शहाणपणाचें. येथें प्रश्न धर्माचा नसून दूरदृष्टीचा आहे. तिसरा वर्ग सर्वांत मोठा व सर्वांत निरुपद्रवी : रंग, पोंचे, फाटकी गादी, करकरणारें दार. आज केलें काय आणि दोन वर्षांनीं केलें काय, खर्च बहुतेक तोच. हौस आणि पैसा दोन्ही असतील त्यानें तें खुशाल करावें. मात्र त्यास गरज हें नांव देऊं नये, आणि पहिल्या वर्गाच्या पैशांतून तें करूं नये.

राहिला प्रश्न ज्या गुणामुळें ही गाडी घेतली त्या गुणाचाच. चारही चाकांची ती यंत्रणा बंद पडली असेल तर ती दुरुस्त करणें आवश्यक आहे काय ? येथें मालकानें स्वतःशीं प्रामाणिक राहिलें पाहिजे. ह्यांतील बहुतेक गाड्यांत पुढची व मागची धुरी जोडल्यावर दोन्ही एकाच गतीनें फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांस अधिक अंतर कापावें लागतें. चिखलांत चाकें घसरून तो फरक भरून निघतो, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर त्याचा पीळ दांड्यांत व पेट्यांत सांठतो. म्हणून ही यंत्रणा शहराच्या रस्त्यावर वापरण्याची नव्हेच. ज्याचें जाणेंयेणें घर, कचेरी व मंडई इतकेंच, त्यास ती नादुरुस्त असली तरी कांहीं उणें पडत नाहीं. परंतु ज्यास पावसाळ्यांत डोंगरवाडीवरील दुखणाइतास खालीं आणावयाचें आहे, त्याच्या दृष्टीनें तीच दुरुस्ती पहिल्या वर्गांत जाते, कारण तिच्या भरंवशावर दुसरा मनुष्य आपला जीव ठेवणार आहे. भाग तोच, दोष तोच. पण गरज बदलली. ह्यावरून दिसेल कीं गरज ही लोखंडांत नसते. त्या लोखंडावर कोण कशासाठीं विसंबला आहे, ह्यावर ती ठरते.

ह्यावर कोणी म्हणेल, 'हे विचार भरल्या पोटाचे आहेत. जो वाडीवरील उतारूंची ने-आण करून पोट भरतो, त्याच्यापाशीं ब्रेक व टायर ह्यांस एकदम पैसे नसतील तर त्यानें काय करावें ? गाडी उभी राहिली तर घरची चूलही थंडावते, आणि वाडीची वाटही खुंटते.' हा आक्षेप खरा आहे, आणि त्याची वासलात उपदेशानें लागत नाहीं. त्यास एक अर्धें उत्तर आहे. दुरुस्ती दोन प्रकारांनीं होते : गाडीची शक्ति वाढवून, किंवा तिच्याकडून मागणें कमी करून. उतारू कमी घेणें, वेग आवरणें, रात्रीं न निघणें, उतार खालच्या गिअरमध्यें उतरणें, नादुरुस्त यंत्रणेच्या भरंवशावर चिखलांत न शिरणें, ह्याही एका अर्थीं दुरुस्त्याच होत, आणि त्यांस मिस्त्री लागत नाहीं. मात्र हा उपाय ब्रेकांपर्यंत पोंचत नाहीं. उतार टाळून सह्याद्रींत कोठेंच जातां येत नाहीं. तेथें रंग, गाद्या व दिवे ह्यांचा पैसा तर जावाच, पण चार दिवसांची कमाईही जावी लागली तर ती जाऊं द्यावी, असें आम्हांस कष्टानें म्हणावें लागतें. आणि ज्या वाडीस त्या गाडीवांचून दुसरी वाट नाहीं, तिनें त्या खर्चाचा कांहीं भार उचलणें न्याय्य होईल.

निर्णय करणाऱ्याच्या हितसंबंधाविषयींही थोडें बोलावयास हवें. मिस्त्री यादी लांबवितो ही तक्रार सार्वत्रिक आहे. पण आपण त्याच्याशीं व्यवहार कसा करतों हें पाहावें. तपासणीबद्दल आपण त्यास कांहीं देत नाहीं, दुरुस्तीबद्दलच देतों. म्हणजे 'हें करूं नका, चालेल' असें जो सांगतो त्याच्या सचोटीची किंमत शून्य, आणि जो भिववितो त्याची भरपूर. सचोटी हवी असेल तर तिचे दाम वेगळे मोजावे. तपासणीचा मोबदला द्यावा, आणि जमल्यास तपासणारा व दुरुस्त करणारा हे भिन्न असावे. सरकारी प्रमाणपत्रावरही सारा भार टाकूं नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढें तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवितां येते. पण तें प्रमाणपत्र त्या दिवसापुरतें बोलतें. पुढचे दिवस मालकाच्या विवेकाच्या हवालीं असतात.

'मिलिंदप्रश्न' ह्या बौद्ध ग्रंथांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदास विचारतो कीं, रथ म्हणजे काय ? धुरी म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय ? राजास प्रत्येकास 'नाहीं' म्हणावें लागतें, आणि शेवटीं ह्या सर्वांच्या जुळणीस रथ हें नुसतें नांव आहे असें ठरतें. तेथील विषय आत्म्याचा आहे. पण रथाच्या मालकानेंही त्यांतून बोध घेण्यासारखा आहे. 'गाडीला हें हवें, गाडीला तें हवें' असें आपण म्हणतों. वास्तविक गाडीस कांहींच हवें नसतें. हवें असतें तें तींत बसणारांस, तिच्या वाटेंत येणारांस आणि उद्यां ती ज्याच्या हातीं जाईल त्यास. ह्यांतला तिसरा मनुष्य आपण नेहमीं विसरतों. गाडी विकतांना कुजलेल्या चासीवर रंग फांसणारा जी दुरुस्ती करतो ती लोखंडाची नसून केवळ ग्राहकाच्या डोळ्यांची असते. जे दोष आपणांस ठाऊक आहेत ते पहिल्या वर्गांतले असतील, तर ते सांगणें ही सौजन्याची नव्हे, कर्तव्याची बाब होय, मग किंमत कांहीं हजारांनीं उतरली तरी चालेल.

हा विचार केवळ गाडीपुरता राहत नाहीं. घराची गळती, विजेच्या जुन्या तारा, शाळेच्या इमारतीची तडकलेली भिंत ह्यांच्याही याद्या होतात, आणि तेथेंही रंगाचें कलम वर व तारांचें कलम खालीं जातें. कारण यादी वाचणारास रंग रोज दिसतो. ज्यांस त्या तारांखालीं झोंपावयाचें आहे किंवा त्या भिंतीशीं बसावयाचें आहे तीं मुलें यादी वाचीत नाहींत. त्यांच्या वतीनें ती वाचणें एवढेंच वडीलधाऱ्यांकडे मागणें आहे. आणि जुन्या जीपचा मालकही, यादी हातीं धरून उभा असतो तेवढ्या वेळापुरता, अशा कित्येकांचा वडीलधारा असतो.