तीन ओळींत न मावलेली शेजारीण

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक खेळ चालायचा. एकाने आवडत्या जुन्या सिनेमावर तीन ओळींची कविता करायची आणि बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. सिनेमाचं नाव नाही, पात्रांची नावं नाहीत, संवाद नाहीत. 'शोले' पहिल्याच दिवशी निकालात निघाला, कारण त्यात नुसतं नाणं आणलं तरी पुरतं. मग एकदा कुणीतरी 'पथेर पांचाली'वर हे केलं:

काशाच्या तुऱ्यांमागून
काळा धूर –
दोन पोरं धावत सुटलेली

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता त्यांनीसुद्धा ओळखला. लोकांनी वाहवा केली आणि मला मात्र राग आला. का आला ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आधी वाटलं, तक्रार साधी आहे. आगगाडी हे या सिनेमाचं पोस्टर झालंय, तेच पुन्हा चिकटवण्यात काय मोठंसं? पण घरी येऊन तो प्रसंग पुन्हा लावला तेव्हा दुसरंच लक्षात आलं. दुर्गा आणि अपू भांडतात, ती पळते, तो मागोमाग. तारेच्या खांबाला कान लावून ऐकलेली गुणगुण, काशाचं पांढरं रान, मग गाडी. पण दुर्गा अडखळते आणि मागे राहते. गाडी जवळून बघायला मिळते ती अपूला. पुढे तापात पडलेली दुर्गा त्याला म्हणते, बरी झाले की पुन्हा गाडी बघायला जाऊ. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीत तर बिचारीला गाडी दिसतच नाही. त्या कवितेतली 'दोन पोरं' एकसारखी धावतायत. सिनेमात ती एकसारखी नाहीत, आणि एकसारखी नाहीत हाच तर सगळा सिनेमा आहे.

(या काशाची एक गोष्ट सत्यजित राय यांनी सांगितली आहे. पहिलं चित्रीकरण तिथेच झालं, २७ ऑक्टोबर १९५२ रोजी. पुढच्या आठवड्यात मंडळी परत गेली तर रान बोडकं, गुरांनी तुरे खाऊन टाकलेले. उरलेला भाग घ्यायला पुढच्या वर्षीच्या बहराची वाट पाहावी लागली. आपल्याला ते धावणं सलग वाटतं, पण त्यात एका वर्षाचा सांधा आहे.)

तरीही थोडक्यात सांगणं हाच गुन्हा मानला, तर पहिले आरोपी राय स्वतःच ठरतील. या कादंबरीची मुलांसाठी एक संक्षिप्त आवृत्ती सिग्नेट प्रेसने काढली, 'आम आँटिर भेंपू'. तिची चित्रं राय यांनी काढली होती आणि सिनेमाची कल्पना तिथूनच रुजली. म्हणजे मोठ्या कादंबरीची धाकटी आवृत्ती, तिच्यावरून चित्रं आणि त्यापुढे १९५५ साली दोन तासांचा सिनेमा. दरवेळी काहीतरी गळालंच असणार. मग दोन तासांच्या तीन ओळी केल्या तर बिघडलं कुठे?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझं डोकं लगेच फाइलींकडे गेलं. झिप केलेली फाइल उलगडली की मूळची अक्षरन् अक्षर परत मिळते. जेपेग फोटोचं तसं नाही. डोळ्याला फारसं जाणवणार नाही ते त्यात फेकून दिलेलं असतं आणि फेकलेलं परत येत नाही. आणखी एक प्रकार हॅशचा. केवढीही मोठी फाइल द्या, तिची ठरावीक लांबीची एक खूण मिळते. त्या खुणेतून फाइल पुन्हा उभी करता येत नाही. पण ज्याच्याकडे फाइल आहे त्याला ताडून बघता येतं की हीच ती. मला वाटायचं, तीन ओळींची कविता या जातीची. पाहिलेल्याला खूण पटते, न पाहिलेल्याला काही मिळत नाही, आणि सिनेमा आपल्या जागी सुखरूप राहतो.

हा युक्तिवाद मला काही दिवस फार आवडला. त्यातली खोट अशी की हॅश काढताना फाइलमधला प्रत्येक बाइट हिशेबात धरला जातो. कुठेतरी आत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते. तीन ओळी लिहिणारा असं काहीच करत नाही. तो आपल्याला हवं ते उचलतो. आणि खेळातल्या त्या कवितेवरून सिनेमा न पाहिलेल्यांनीही तो ओळखला होता, म्हणजे त्यांच्यापुरता 'पथेर पांचाली' आता तेवढाच.

मराठीत हायकू आणला आणि रुजवला तो शिरीष पै यांनी. कॉलेजात असताना मला त्यांचे हायकू वाचायचा नाद होता. एक क्षण दिसतो, त्याच्या मागचं-पुढचं कुणी समजावत नाही, हे मला तिथेच पहिल्यांदा आवडलं. गंमत अशी की त्यांचे वडील आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' काढला, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि त्या सिनेमात न बोलता सोडलेलं जवळजवळ काही नाही. मला तो सिनेमाही रडवतो. पण त्याच्या तीन ओळी करायला बसलो तर हाताशी उपदेशच येतो.

आईला फोनवर विचारलं, 'पथेर पांचाली' आठवतो का. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमे लागायचे, त्या काळात तिने तो पाहिलेला. ती म्हणाली, "त्यात ती म्हातारी कलंडते आणि तिचा लोटा घरंगळत जातो, तोच ना?"

आगगाडी तिला आठवतच नव्हती. खरं म्हणजे दोन्ही एकाच दिवसाच्या गोष्टी आहेत. सर्वजया इंदिर ठाकरुणला घरात ठेवून घेत नाही, म्हातारी थोडं पाणी पिते, उरलेलं एका रोपट्याला घालते आणि निघून जाते. गाडी बघून परतणाऱ्या पोरांना ती बांबूच्या बनात बसलेली सापडते. दुर्गा हलवते, तर ती कलंडते. माझ्या सहकाऱ्याने त्या दिवसातली गाडी घेतली आणि आईने लोटा घेतला. आईने आमच्या आजीचं, म्हणजे तिच्या सासूबाईंचं, अंथरुणातलं सगळं चार वर्षं केलं होतं. तिने तो लोटा का जपून ठेवला असेल हे मी विचारलं नाही.

माझा क्षण पहिल्यापासून ठरलेला होता. शेजारणीच्या मुलीचा मण्यांचा हार नाहीसा होतो. शेजारीण दारात येऊन दुर्गाचं नाव घेते, तिची खेळण्यांची पेटी उपसते. हार सापडत नाही. दुर्गा नाहीच म्हणते. नंतर सर्वजया पोरीला केसांना धरून फरपटत बाहेर काढते. पुढे पावसात भिजून तापाने दुर्गा जाते. काशीला जायची आवराआवर चालू असताना फळीवरच्या एका वाटीत अपूला तोच हार सापडतो. तो कुणाला काही सांगत नाही. धावत तळ्याकाठी जातो आणि हार फेकतो. शेवाळ फाटतं, मधे पाणी उघडं पडतं, मग शेवाळ हळूहळू सरकत पुन्हा मिटतं.

कादंबरीत तिथे कुंकवाची सोन्याची डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. राय यांनी बनाऐवजी तळं घेतलं. बनात वस्तू नुसती नाहीशी होते. तळ्यात ती झाकली जाताना आपल्याला बघावं लागतं.

यावर मी आधी असं लिहिलं:

मेलेल्या बहिणीची चोरी
तळ्यात टाकली
शेवाळ मिटलं

खेळात हे चटकन ओळखलं गेलं असतं. वाचून मलाच लाज वाटली. कुणाला कधी कळू नये म्हणून त्या पोराने जे पाण्यात टाकलं, ते मी पहिल्याच ओळीत काठावर काढून ठेवलं होतं, आणि तेही जेवणाच्या टेबलावर वाहवा मिळावी म्हणून. अपूचं ते आयुष्यातलं पहिलं मोठ्या माणसासारखं वागणं असेल, आणि मी चहाडी केली. म्हणून बदललं:

काहीतरी पडलं पाण्यात
शेवाळ उघडलं
मिटलं

ऑफिसात कुणालाच ओळखता आलं नाही. एकीने 'जॉज' असा अंदाज केला. मी हरलो आणि मनातून फार खूश झालो. आता मला उत्तर सापडलं होतं: सिनेमाने जे झाकलं ते कवितेनेही झाकावं. कमी शब्द म्हणजे जास्त अब्रू राखणं. याच उत्साहात त्या तीन ओळी आईला पाठवल्या.

दोन तासांनी तिचं उत्तर आलं, "हार ना?" आणि रात्री फोन.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजीची मोत्यांची नथ हरवली होती. आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी यायच्या. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही, पोलिसात कुणी गेलं नाही. आजीने फक्त सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मला आठवतं ते एवढंच की त्या पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या आणि आई आतून बाहेर आली नाही. मोठ्ठी घटना म्हणून कुणी ती लक्षात ठेवली नाही. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. तिची ट्रंक आवरताना तळाशी हिंगाची डबी निघाली आणि डबीत कापसात गुंडाळलेली नथ. आजीने सुरक्षित राहावी म्हणून ठेवली आणि विसरली, की पुढे कधीतरी सापडूनही गप्प बसली, हे कळायला आता मार्ग नाही. आईने डबी आपल्या कपाटात ठेवली आणि बाबांनासुद्धा सांगितलं नाही. "गेलेल्या माणसाबद्दल आता काय बोलायचं," असं ती फोनवर दोनदा म्हणाली.

माझ्या कवितेतलं शेवाळ असं आमच्या घरावरून सरकलं. मी अपूच्या मौनाला करुणा म्हणत होतो. आईचं मौनही अगदी तसंच: गेलेल्याची अब्रू राखणं. फरक मावशींचा.

आणि मग फरक तेवढाही राहिला नाही. कारण सिनेमातली ती शेजारीण मी विसरलो होतो. दुर्गा गेल्यावर, ही मंडळी गाव सोडतायत हे कळल्यावर, तीच बाई फळं घेऊन येते. एकाच जागी राहून माणसाचं मन कोतं होतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलते. तिला वाईट वाटतंय. आपण एका पोरीवर नाही नाही ते बोललो आणि ती पोर आता नाही, हे तिला खातंय. खरं तर हारापुरतं तिचं म्हणणं बरोबर होतं. तिचा स्वभाव वाईट असेल, चोरी लहान असेल, पण ती खोटं बोलली नव्हती. हे सांगू शकणारा एकच माणूस जगात आहे, आणि त्याने हार तळ्यात टाकला. सात-आठ वर्षांच्या पोराला याचा दोष मी देत नाही. सिनेमाही देत नाही. तो बाईला फळं घेऊन आणतो आणि पुढे जातो. पण आणतो. दोन तासांत तिच्यासाठी तेवढी जागा ठेवलेली आहे. माझ्या तीन ओळींत ती कुठे उभी राहणार?

मी प्रयत्न केला. फळांची पाटी आणली तर शेवाळ जातं. दोन्ही ठेवलं तर ती कविता राहत नाही, तक्रारअर्ज होतो. शब्द कमी केले म्हणजे आपोआप कुणाची तरी अब्रू राहते, एवढं मी धरून चाललो होतो. कुणाची राहते आणि कुणाच्या खर्चाने, हे पाहिलंच नव्हतं. काशाच्या रानात मागे पडलेली दुर्गा गाळली म्हणून मी सहकाऱ्यावर रागावलो होतो. माझ्या कवितेत तर एक अख्खी बाई दारात ताटकळत होती.

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा आईबरोबर लॅपटॉपवर सिनेमा लावला. लोट्याच्या वेळी ती काही बोलली नाही. शेजारीण फळं घेऊन आली तेव्हा चष्मा काढून पुसला. अपूने हार फेकला, शेवाळ मिटलं, तशी म्हणाली, "जरा मागे घे." मी घेतलं. पुन्हा मिटलं.

शेवटी बैलगाडी गावाबाहेर पडली. आईने विचारलं, "त्या बाईला मग कुणी सांगितलंच नाही?"

"नाही. ते काशीला जातात."

ती उठली, दिवा लावला, कपबशा गोळा केल्या. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "मावशींचा थोरला रिक्षा चालवायचा ना रे? स्टँडवर विचारलं तर कुणाला तरी माहीत असेल."